दृढश्रवा ऋषींचा नकार

पूर्वी कृतयुगात, देव अजून यज्ञमंडपात पाहुण्यासारखे येऊन बसत असत त्या काळी, मंदश्रवा नदीच्या तीरी दृढश्रवा ऋषींचा आश्रम होता. तेथे नदीचे धुके आणि होमाचा धूर असे एकजीव झालेले असत, की चरणारी हरिणे भूमीवरून चालतात की मेघांवरून, हे पाहणाऱ्याला कळू नये. ऋषी महातपस्वी, पण बढाई मारण्याची भारी हौस. एकदा ऋषिसभेत ते बोलून गेले, "अग्नीने मागावे आणि मी देऊ नये, असे त्रिभुवनात काहीही नाही!"

अग्निदेवांनी ते ऐकले. बारा वर्षांच्या यज्ञसत्राच्या अखेरच्या आहुतीला ते ज्वालेतून प्रकटले व वदले, "हे मुने, तुझा पुत्र मला दे. स्वर्गाचे द्वार तुझ्यासाठी उघडे आहे."

ऋषींनी पुत्राकडे पाहिले. पण दिलेला शब्द गिळायचा कसा? मौंज तोंडावर आलेल्या एकुलत्या अर्चिषाला त्यांनी दर्भाच्या दोरीने यज्ञस्तंभाला बांधले.

"तात, गाठ थोडी सैल करा ना," एवढेच तो म्हणाला. ऋषींनी ती सैल केली. ते हात आपले आहेत, हेच त्यांना खरे वाटेना.

बळी देण्यापूर्वी त्या जीवाच्या माता-पित्यांची अनुमती मागावी, असा विधी होता. विचारून एक श्वास थांबायचे. उत्तर आले नाही, की अनुमती मिळाली. मेंढ्या काय उत्तर देणार! ऋषींनी आजवर सहस्र वेळा विचारले होते आणि अर्धा श्वासही थांबले नव्हते.

"याची माता अनुमती देवो!"

"नाही देत!" मंडपाच्या दाराशी त्यांची पत्नी क्षेमवती उभी होती. "नऊ मास ज्याला उदरी वाहिले, त्याला तुमच्या कीर्तीसाठी जळू देणार नाही. आता पित्याला विचारा, स्वामी. तोही येथेच आहे."

"याचा पिता... अनुमती देवो."

नदी थबकली. धूर जागीच थिजला. धुक्यात आजवरच्या साऱ्या बळींच्या माता येऊन उभ्या राहिल्या आणि टक लावून ऋषींकडे पाहू लागल्या. गप्प राहिलो तर तोच होकार, हे ऋषींना कळत होते. श्वास संपत आला.

"नाही!" हातातले शस्त्र त्यांनी भिरकावले. "देवा, मी खोटा ठरलो. हवा तो शाप दे, पण माझे लेकरू देणार नाही!"

"तथास्तु! तुझे बारा वर्षांचे पुण्य भस्म झाले, स्वर्ग तुला नाही," अग्निदेव म्हणाले. "परंतु मुक्या जीवाचे मौन मीही यापुढे होकार मानणार नाही. बळीऐवजी मला पिठाचा भाजलेला पुरोडाश पुरे."

ऋषींनी गाठ सोडली. अर्चिष मात्र त्यांच्या मिठीत आला नाही. आईला बिलगून त्याने विचारले, "तात, आई आली नसती तर?"

ऋषींनी त्या इवल्या पावलांवर मस्तक ठेवले. अर्चिष बराच वेळ काही बोलला नाही.

तेव्हापासून त्या कुळात, मौंजीच्या दिवशी बटू पित्याला वंदन करण्याआधी, पिता बटूपुढे वाकून क्षमा मागतो. आणि बटू "केली" म्हणेपर्यंत, कितीही वेळ लागो, तो वाकलेलाच राहतो.