धर्ममाय नाकारणारा राष्ट्राध्यक्ष

ऐका, आणि घाबरायचं असेल तर आताच घाबरून घ्या. एकदा गोष्ट सुरू झाली की मध्ये उठू देणार नाही.

फार वर्षांपूर्वी, जिथे दोन महासागर इतके जवळ येतात की मध्ये जमिनीची नुसती पट्टी उरते, तिथल्या एका देशात सेनिसास नावाचं गाव होतं. सेनिसास म्हणजे त्यांच्या भाषेत राख. गावामागे ज्वालामुखी होता. एका दुपारी तो फुटला, दिवसाढवळ्या काळोख झाला, विहिरी राखेनं बुजल्या आणि नेमक्या त्याच वेळी एक बाई बाळंत झाली. बाई गेली. पोरगा निळा पडला होता.

आपल्याकडे पाचवीला सटवाई येऊन नशीब लिहिते. तिकडे सटवाई नाही, सुईण आहे. मूल हाती लागेल की नाही अशी वेळ आली, तर पाद्र्याची वाट न बघता सुईण स्वतः त्याच्या कपाळावर पाणी घालते आणि नाव ठेवते. ते पाणी पाद्र्यानं घातल्याइतकंच पक्कं, पुन्हा घालता येत नाही. आणि ती त्या मुलाची धर्ममाय होते. त्या दिवशी घोटभर चांगलं पाणी मिळेना, तेव्हा कासिल्दा नावाच्या तरण्या सुइणीनं अंगावरची ओली शाल पिळली, चार थेंब पोराच्या कपाळावर पाडले आणि म्हणाली, "एलिहिओ." पोर रडलं. बाहेर डोंगर गप्प झाला, असं म्हणतात.

एलिहिओ मोठा झाला, खेचरं हाकू लागला. खेचरांवर आधी कॉफीची पोती होती, मग एका जनरलच्या बंदुका आल्या. बंदुका वाहता वाहता तो त्या चालवायला शिकला, शिपायाचा कर्नल झाला आणि एका सकाळी त्याच जनरलला खुर्चीवरून उठवून स्वतः बसला. देशाचा राष्ट्राध्यक्ष! खेचरवाल्याचं नशीब बघा.

आता खुर्चीवर बसणं सोपं, टिकणं अवघड. एलिहिओनं त्यावर एक युक्ती काढली. तिकडे बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाला जो हातात धरतो, तो त्याचा धर्मबाप. मुलाचा बाप आणि धर्मबाप यांचं नातं सख्ख्या भावापेक्षा घट्ट, एकानं दुसऱ्यावर हात उगारायचा नाही. आणि बाप मेला, तर मूल धर्मबापाचं. राष्ट्राध्यक्ष गावोगाव फिरून लेकरांचा धर्मबाप होऊ लागला. लोक आधी हरखले. मग त्यांच्या लक्षात आलं की ज्याच्यावर त्याचा संशय असतो, त्याच्याच घरी तो पाळण्याजवळ येऊन उभा राहतो. थोड्याच दिवसांत त्या घरातला बाप नाहीसा होई. लेकरू बराकीत जाई आणि बंदूक धरण्याइतकं मोठं झालं की राष्ट्राध्यक्षाच्या गाडीपुढे चालू लागे.

मग मात्र त्या देशाला मूल होण्याचीच भीती वाटू लागली. बायका पोट लपवून चालत. वाळत घातलेली दुपटी कुठे दिसेनात, अंगाई कानावर येईना. रडणाऱ्या तान्ह्याच्या तोंडावर आया हात ठेवत आणि मग आपलाच हात बघून घाबरत.

शाळेत मुलांना शिकवत, की राष्ट्राध्यक्ष कोणाच्या पोटचा नाही, तो ज्वालामुखीच्या आगीतून सबंधच्या सबंध बाहेर आला. मुलं घोकत होती. सेनिसासमध्येही घोकत होती, आणि म्हातारी झालेली कासिल्दा दारात बसून ऐकत होती.

त्या गावात हासिंतो नावाचा लोहार होता. राजधानीहून त्याला पायबेड्या घडवायचा हुकूम आला. तो म्हणाला, "मी नांगराचे फाळ करतो. माणसांचे पाय बांधायचं काम आपल्याला जमायचं नाही." शब्द राजधानीला पोचला. त्याच महिन्यात त्याची बायको ओतिलिया बाळंत झाली. मुलगी झाली.

एका सकाळी रस्त्यावर धूळ दिसली. काळी घोडागाडी होती, पुढे बंदुका घेतलेले धर्मपुत्र चालत होते. बाजारातल्या बायांनी टोपल्या तिथंच टाकल्या. ओतिलियानं मुलीला छातीशी धरलं. "माय, काहीतरी करा," एवढंच ती उशाशी बसलेल्या कासिल्दाला म्हणू शकली.

कासिल्दानं मडक्यात हात बुडवला.

एलिहिओ आत आला. उंच, पांढरे हातमोजे घातलेला. मागे त्यानं आणलेला पाद्री उभा होता. "आणा माझ्या लेकीला," एलिहिओ गोड आवाजात म्हणाला.

"उशीर केलात," कासिल्दा म्हणाली. "पाणी घालून झालं. धर्ममाय मी आहे."

पाद्री कसाबसा बोलला, "अगं, पण सुइणीचं पाणी जिवावर बेतलं तरच चालतं. मूल तर धडधाकट दिसतंय."

"यांची गाडी दाराशी आली, फादर. याहून जिवावर बेतणं म्हणजे आणखी काय असतं?"

एलिहिओचा चेहरा बदलला. "म्हातारीला बाहेर काढा," तो म्हणाला.

"काढ ना. पण आधी गुडघे टेक," कासिल्दा म्हणाली. "धर्ममाय दिसली की लेकरानं गुडघे टेकून आशीर्वाद मागायचा असतो. विसरलास का रे? तुझ्या कपाळावर मीच पाणी घातलंय. शाल पिळून घातलंय."

दारात, खिडकीत, अंगणात सगळे धर्मपुत्र ऐकत होते. एलिहिओचे गुडघे किंचित वाकले, असं म्हणतात. क्षणभर तो आईविना वाढलेला खेचरवाला पोरगा दिसला. तेवढ्यात त्याला शाळांतून घोकली जाणारी ती आग आठवली असावी. तो ताठ झाला आणि ओरडला, "मला कोणी धर्ममाय नाही! माझ्या कपाळावर कोणी पाणी घातलेलं नाही! मी कोणाचाच नाही!"

तेव्हा सिल्व्हेरिओ नावाचा सर्वांत थोरला धर्मपुत्र पुढे आला. याचा बाप कधी नाहीसा झाला, हे अख्ख्या देशाला ठाऊक होतं. तो हळूच म्हणाला, "फादर, ज्याला पाणीच मिळालं नाही, तो कोणाचा धर्मबाप होऊ शकतो का?"

पाद्र्यानं खाली मान घातली. "नाही, बाळा. होऊ शकत नाही."

सिल्व्हेरिओनं बंदूक खाली ठेवली. एकामागून एक सगळ्यांनी ठेवल्या. एलिहिओनं हुकूम सोडले, शिव्या दिल्या, पण गाडीवानसुद्धा लगाम सोडून घराकडे निघून गेला. एलिहिओवर कोणी हात टाकला नाही. त्याला कोणी हाकही मारली नाही, आणि मला वाटतं, तेच त्याला सोसलं नाही.

ऊन चढलं. त्याला तहान लागली. तो एका दारी गेला, बाईनं भीत भीत भोपळ्याच्या तुंब्यात पाणी दिलं. पाणी ओठांना लागायच्या आत आटलं. दुसऱ्या दारी तसंच झालं. आभाळ भरून आलं, गावभर सर कोसळली, पण त्याच्या खांद्यांवर थेंब पडेना. तो ओढ्यात शिरला, तर ओढा त्याच्या पायांना टाळून वाहू लागला. नाकारलेलं पाणी त्याला नाकारत होतं. शेवटी गावाबाहेर खेचरांच्या दगडी कुंडावर तो पालथा पडला, आणि काठोकाठ भरलेल्या कुंडातलं पाणी त्याच्या श्वासासरशी तळाशी गेलं. लोक जवळ गेले तेव्हा तिथे फक्त पांढरे हातमोजे होते.

गावानं दारं लावून घेतली. एकटी कासिल्दा रडत रडत कुंडापाशी गेली. "पहिला हात माझाच लागला होता त्याला," ती म्हणाली आणि घागर कुंडात रिती केली. पाणी लगेच मुरलं. मरेपर्यंत ती रोज घागर नेत राहिली. तिच्यामागे ओतिलियाची मुलगी नेऊ लागली.

आजही सेनिसासमध्ये बाप्तिस्मा झाला की बाळाची आई आधी त्या कुंडापाशी जाते, पाणी ओतते आणि म्हणते, "एलिहिओ, घे." मग मागे न बघता घरी येते. कासिल्दा सांगून गेली होती, की भीतीपोटी ओतू नका, तो तहानलेला आहे म्हणून ओता. तिथल्या आया मान डोलावतात. पण परतताना त्या बाळाला शालीखाली घट्ट धरतात, आणि पावलं भराभर उचलतात.