जरा बाजूला व्हा

"पण बुवा, माझ्यात कमी काय आहे, तेवढं तरी सांगा."

शार्दूल केंजळेला भानबुवांचा अनुग्रह हवा होता. घाटाच्या पायथ्याशी बुवांचा लहानसा मठ. शार्दूल कित्येक महिने तिथे खेटे घालत होता आणि बुवा दर वेळी त्याला चहा पाजून परत पाठवत होते.

"दिसतं का तुला?" बुवांनी विचारलं.

शार्दूलला हसू आलं. मोटरसायकलवरून सगळा सह्याद्री पालथा घातलेला हा माणूस. त्याने काढलेले डोंगरदऱ्यांचे फोटो कॅलेंडरांवर छापून येत. त्याला असं विचारणं म्हणजे गवयाला सूर कळतो का म्हणून विचारण्यासारखंच होतं.

"बुवा, लोकांना दिसत नाही ते मला दिसतं."

बुवांनी चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला. म्हणाले, "आज कुठं निघालास?"

शार्दूलची हंगामातली ही शेवटची फेरी होती. दिवाळी तोंडावर आलेली. धबधब्यांच्या धारा बारीक झाल्या होत्या, गवत पिवळं पडू लागलं होतं, सोनकीची फुलं चार दिवसांची सोबती होती. मग डोंगर करपणार आणि गाडी झाकून ठेवायची ती थेट पुढच्या पावसाळ्यापर्यंत. आज ऊन उतरायच्या आत त्याला वरची खिंड गाठायची होती.

"मला मागं बसव," बुवा म्हणाले. "खिंडीत गेल्यावर तुझं उत्तर देतो."

शार्दूलला स्वर्ग दोन बोटं उरला. जादाचं लाल हेल्मेट त्याने आपल्या हाताने बुवांच्या डोक्यावर चढवलं, हनुवटीखाली पट्टा लावला. बुवा अंगाने अगदी काडी. त्यांच्यापेक्षा कॅमेऱ्याची बॅग जड होती.

घाटात त्याची रीत ठरलेली. उजेड चांगला दिसला की थांबायचं, गाडी कडेला लावायची, मागे दरी घ्यायची, फोटो काढायचा आणि निघायचं. प्रत्येक वळणावर बुवा त्याच्या खांद्याला धरून उतरत आणि तसेच पुन्हा चढून बसत. कुरकुर म्हणून नाही.

एका वळणावर शेंदूर फासलेला म्हसोबाचा दगड होता. बुवा त्याच्याशेजारी, गाडीपुढेच उभे राहिले.

"बुवा, जरा बाजूला व्हा. मध्ये येताय."

बुवा बाजूला झाले.

त्याने फोटो काढला. तेवढ्यात समोरच्या कड्यावरचा ढग हलला आणि सगळा कडा सोन्यासारखा झाला. उजेड काही कुणासाठी थांबत नाही. शार्दूलने गाडीवर टांग टाकली आणि तो सुटला.

वाटेत तो बोलत होता. बुवा, डावीकडे बघा. बुवा, तो धबधबा बघा, श्रावणात याचा आवाज खालच्या गावात जातो. बुवा काही बोलत नव्हते. एवढा देखावा बघून बुवांचीही बोलती बंद झाली, या कौतुकात तो खिंडीपर्यंत पोचला.

इंजिन बंद केलं. हेल्मेट काढलं.

"आता सांगा, बुवा."

"…"

त्याने मागे वळून बघितलं.

बॅग होती. बुवा नव्हते.

काही क्षण त्याला ते कळलंच नाही. मग तो गाडीभोवती फिरून आला. बुवा पडले. कुठल्या तरी वळणावर म्हातारा माणूस गाडीवरून पडला, एका अंगाला एवढी दरी, आणि आपण देखावे दाखवत इथवर आलो. शेवटचं कधी बघितलं त्यांना, हे काही केल्या त्याला आठवेना.

तो उलटा फिरला. प्रत्येक वळणावर थांबून कठड्यावरून खाली वाकून बघत होता, हाका मारत होता. त्याच दऱ्या, तोच उजेड. आता त्याला खाली बघवत नव्हतं.

गवताचा भारा घेतलेली एक बाई रानातून रस्त्यावर उतरली. त्याने तिला अडवलं. बुवा दिसले का, म्हातारे आहेत, गाडीवर मागे होते…

"काय नेसलेत?" बाईने विचारलं.

त्याने तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. धोतर? लुंगी? अंगात बंडी होती की सदरा? काठी होती का हातात?

"हेल्मेट लाल आहे," तो म्हणाला.

"ते झालं. आन् मानूस कसाय?"

त्याचा हात गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे गेला.

"अरं, गळ्यात क्यामेरा हाय न्हवं तुझ्या? फोटू तरी दाव."

त्याने कॅमेरा सुरू केला. दरी. कडा. गाडी आणि कडा. गाडी आणि धबधबा. फोटो संपेनात, आणि दिवसभर पाठीशी बसलेला माणूस एकाही फोटोत नव्हता.

मग एका फोटोवर अंगठा थांबला. गाडी, मागे दरी, आणि खालच्या कोपऱ्यात शेंदरी दगडाशेजारी रस्त्यावर पडलेली एक लांब सावली. बारीक अंग, वर हेल्मेटचं मोठं गोल डोकं.

ती सावली त्याला तेव्हाही दिसली होती. घरी गेल्यावर पुसून टाकू, असं तो मनाशी म्हणाला होता.

शार्दूल मटकन रस्त्यावरच बसला. बाईने भारा खाली टाकला आणि त्याला दंडाला धरून उठवलं.

म्हसोबाच्या वळणावर तो पोचला तेव्हा दिवस मावळत होता. फोटोसाठी गाडी लावली होती तिथून चार पावलांवर बुवा उभे होते. डोक्यावर लाल हेल्मेट तसंच, पट्टासुद्धा लावलेला.

शार्दूलने गाडी अक्षरशः टाकली आणि त्यांचे पाय धरले. अनवाणी होते ते. हेही त्याने आत्ताच बघितलं. तो लहान मुलासारखा रडला, आणि बुवा त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"झाला का फोटो?" बऱ्याच वेळाने बुवांनी विचारलं.

त्याने नुसती मान डोलावली.

"मग आता येऊ का मध्ये?"