झोपाळ्याच्या वरची भेग

“सर, वरून भेग बुजवली, तर आतला गंज थांबतो ना?”

या प्रश्नाने ऋजुताची झोप उडवली होती. उत्तर तिला ठाऊक होतं. ती स्वतः इमारतींची इंजिनिअर. तरीही खाडीकाठच्या आपल्या घरी तिने साखळकर सरांना बोलावलं. ज्यांनी शिकवलं, त्यांच्या तोंडून उत्तर जरा वेगळं येईल, अशी एक वेडी आशा.

सर वर बघत होते. हॉलमधला झोपाळा ज्या कड्यांना टांगला होता, त्यांच्याभोवती छताला नवी पांढरी पुट्टी लावलेली होती.

“कधी लावलीस?”

“शाल्मलीच्या वाढदिवसाआधी. पाहुणे यायचे होते...”

सरांनी हातातली काठी उंच करून छत ठोकलं. भिंतीपाशी आवाज टणक आला. झोपाळ्याच्या वर... पोकळ. पुट्टीची थोडी भुकटी फळीवर पडली.

ऋजुता घाईघाईने सांगू लागली. वरच्या बिऱ्हाडांनाही तिने हेच सांगितलं होतं. बांधताना खाडीची खारी वाळू वापरली, म्हणून सळया गंजल्यात. पण झिजल्यात थोड्याच, हिशेबाने स्लॅब अजून वजन पेलतो. तिच्या शब्दावर सगळी इमारत निवांत झोपत होती. तिला सोडून.

“गंजलेली सळई बारीक होते की जाड?”

“लोखंड कमी होतं, सर. पण गंज फुगतो. जास्त जागा मागतो.”

“मग?”

“काँक्रीट आतून फुटतं. सळईवरची त्याची पकड सुटते.”

“हे हिशेबात धरलंस?”

“थोडंसं,” ती म्हणाली. स्वतःलाच ते कसंसं वाटलं.

“झोपाळा का नाही काढलास?”

“काढला असता, तर सगळ्यांनी कारण विचारलं असतं.”

सरांनी मान हलवली. मग भुकटी न झटकताच ते झोपाळ्यावर बसले आणि काठी तिच्या हातात दिली.

“मार वर. जोरात. पेलतो म्हणतेस ना?”

तिने काठी उचलली. हात तिथेच थांबला.

“सर, आधी तुम्ही उठा.”

सर निमूटपणे उठले, बाजूला झाले.

झोपाळा रिकामा झालेला बघून तिची लहानगी शाल्मली आतून धावत आली. रोजच्यासारखी चढली, मधोमध बसली, पाय हलवू लागली.

ऋजुताने सरांकडे पाहिलं. ते शाल्मलीला उठवतील असं वाटलं होतं. त्यांनी उठवलं नाही.

“आता मार,” ते म्हणाले.

काठी वरच होती.

शाल्मलीने एकदा छताकडे पाहिलं, एकदा आईकडे. मग दोन्ही हातांनी झोपाळ्याच्या साखळ्या आवळल्या.

“मार ना आई. मी घट्ट धरलंय.”