बिजागरीतली वायर

"झाकणाकडे काय बघताय, सर? दोष तिथं नाहीच!"

अनुजाचा आवाज चढला, आणि चढल्याचं तिचं तिलाच वाईट वाटलं. तीन रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. लॅपटॉपचं वायफाय दिवसातून सात-आठदा तुटायचं, तेही नेमकं ऑफिसची मीटिंग चालू असताना. शुक्रवारी मॅनेजरनं सांगून टाकलं होतं. सोमवारी पुन्हा तुटलं, तर घरून काम बंद. पुण्याला यायचं, नाही तर नोकरी सोडायची.

आज रविवार. आणि ही गडहिंग्लजमध्ये, साडेचार वर्षांच्या जुईला घेऊन.

कुरणेसरांनी अनुजाला पॉलिटेक्निकात सोल्डरिंग शिकवलं होतं. निवृत्त झाल्यापासून ते घराच्या व्हरांड्यात टेबल टाकून लोकांची यंत्रं दुरुस्त करत.

"काय काय केलंस?"

"सगळं! ड्रायव्हर बदलला. राउटर नवा आणला. विंडोज दोनदा टाकलं."

"वर्गात पहिली आलेली ना तू?"

"म्हणून तर लाज वाटते..."

सरांनी झाकण पूर्ण उघडलं. कोपऱ्यातल्या वायफायच्या रेघा भरल्या. दहा मिनिटं गेली, तरी एक रेघ हलली नाही.

"बघा! तुमच्यासमोर शहाण्यासारखं वागतंय. घरी गेलं की..."

जुई पायरीवर मुंग्या बघत बसली होती. तिला सरांनी हाक मारली, खुर्चीत बसवलं.

"आई काम कशी करते गं? दाखव बघू."

जुईनं पाठ ताठ केली. दोन्ही हातांनी थोडी टकटक केली. मग कुणी आल्यासारखं दाराकडे पाहिलं, एका हातानं झाकण अर्धं खाली ओढलं, दुसरा हात हवेत धरला आणि म्हणाली,

"एक मिनिट हं, सोन्या."

सरांनी वाकून आत पाहिलं. रेघा गेल्या होत्या.

...

"ती मध्येच काहीतरी सांगायला येते, सर. कॅमेऱ्यात दिसायला नको म्हणून मी..."

"किती वेळा?"

अनुजानं झाकण पुन्हा पूर्ण उघडलं.

सरांनी बिजागरीवर नख ठेवलं. "अँटेना झाकणात. त्याची वायर इथनं जाते. अर्धं मिटून मिटून आतल्या आत तुटलीय; उघडं असलं की टेकते, मिटलं की सुटते."

हे तिला ठाऊक होतं. परीक्षेत लिहून मार्कही मिळवले असतील.

"बदलता येईल?"

"तासाभरात."

"मग उद्या..."

"उद्या चालेल. पुढंही चालेल थोडे दिवस. पण तुटेल ती पुन्हा इथंच, पोरी."

"मग करू काय मी, सर? उघडं ठेवलं तरी नोकरी जाते, मिटलं तरी जाते!"

सरांनी लॅपटॉप पालथा घातला आणि पहिला स्क्रू सोडवला. मान वर न करता म्हणाले,

"मला काय विचारतेस? सांगायला येते तिला विचार."

अनुजा खुर्चीपुढे उकिडवी बसली. जुईचे दोन्ही हात तिनं हातात घेतले.

"जुई... काय सांगायचं असतं गं तुला तेव्हा?"

जुईनं आठवून पाहिलं.

"आधी असायचं. आता नसतं काही."