बिनधक्क्याची दारू

“आवाज नको, धूर नको, धक्का तर अजिबात नको! आणि गोळी मात्र त्या टांगलेल्या मडक्यावरच बसली पाहिजे! अशी दारू उद्या सकाळी हजर कर, सुभानजी, नाहीतर तुझी अर्धी मिशी भादरून गावातून धिंड काढतो!”

टेंभुरगडचे राजे भुजंगराव एवढं बोलले, हातातलं पिस्तूल गादीवर आपटलं आणि तरातरा निघून गेले.

सुभानजी बंदुकीच्या दारूच्या कोठाराचा राखणदार. सकाळपासून बिचारा एकेक पोतं उघडत होता. बारीक कणांची दारू भरली, तर राजे म्हणाले, “केवढी दणकते!” जाड कणांची भरली, तर “डोळ्यांत धूर जातो!” मापाला कमी भरली, तरी “गाढवासारखी लाथ मारते!” नापसंत पोत्यांचा ढीग अंगणाच्या भिंतीला भिडला. राजांची घाई खोटी नव्हती म्हणा. दसऱ्याला मेहुणे नेमबाजीला येणार होते. गेल्या वर्षी राजांची गोळी तंबूच्या दोरीला लागली आणि अख्खा तंबू मेहुण्यांच्या डोक्यावर बसला. तेव्हापासून मेहुणे पत्राच्या शेवटी न चुकता तंबूची खुशाली विचारत!

सुभानजी घरी आला तो मिशी मुठीत धरूनच.

“हौसा, पोरी, संपलं! असली दारू ब्रह्मदेवाच्या कोठारात बी मिळायची न्हाई!”

हौसा त्याची मुलगी. कोठारातली पोती तीच शिवायची. बापाचा रडवेला चेहरा बघून ती म्हणाली, “आबा, सरकार नेम धरत्यात तवा त्यांच्याकडं कोन बघतं?”

“कोनीच न्हाई! रीतच हाय तशी.”

आणि रीत खरोखरच तशी होती. राजाचा नेम चुकताना कुणी पाहायचा नाही, असा आजोबांच्या वेळचा दंडक. राजांनी पिस्तूल उचललं, की दिवाणजींपासून नगारचीपर्यंत सगळ्यांनी मान खाली घालायची आणि कानांत बोटं खुपसायची. बार उडाला, की न बघताच “वाहवा!”

“मी बघितलं,” हौसा म्हणाली. “आज. पिंपळाआडून.” आणि तिला असं काही हसू फुटलं, की तोंडात पदर कोंबावा लागला. “आबा, मिशीला तेल लावा नि निवांत झोपा!”

सकाळी त्याच अंगणात दरबार भरला. समोर दोरीला मडकं टांगलेलं होतं. हौसा ताट घेऊन आली. ताटात राजांचीच पिस्तुलं, ओळीनं मांडलेली.

“सरकार, दारू गावली! आवाज न्हाई, धूर न्हाई, धक्का न्हाई!”

“थापा मारू नकोस!”

“उडवून बघा की! पर आवाजच न्हाई, तर कानांत बोटं कशाला? आज समद्यांनी माना वर ठिवायच्या.”

राजे फुलले. “ठेवा रे माना वर! बघा आमचा नेम!”

त्यांनी पिस्तूल उचललं. डोळे गच्च मिटले, दात आवळले आणि चाप ओढला.

खट्ट!

आवाज नाही, धूर नाही. पण पिस्तूल मात्र आभाळाकडे उडालं, पगडी कानावर घसरली आणि राजे मागे धडपडून थेट दिवाणजींच्या पायावर उभे राहिले!

“फसवलंस कारटे! केवढा धक्का मारते ही!”

“सरकार,” हौसा हात जोडून म्हणाली, “ह्यात दारूच न्हाई. मग धक्का कुनी मारला?”

सुभानजीनं दोन्ही हातांनी मिशी झाकली. राजांच्या खुणेसरशी त्याने नळीत गज घातला, तर तो तळाशी जाऊन टण्ण वाजला. राजांचे कान लाल झाले.

“म्हणजे... नाचता येईना...” ते पुटपुटले. सगळ्यांच्या माना खाली! “वर बघा! वर बघा आणि म्हणा पुढचं!”

“अंगण वाकडं,” दिवाणजी पाय चोळत कुजबुजले.

“ते राहू दे! मडकं कुठं फुटलं? मडकं फुटलं नाही, तर मिशी जाणार!”

“अजून पिस्तुलं हाईत की! काहींत दारू हाय, काहींत न्हाई. कशात काय, ते मी सांगनार न्हाई!”

आता आली का पंचाईत! सगळा दरबार टक लावून बसलेला, आणि रिकाम्या पिस्तुलाला दचकलं तर अब्रूचं खोबरं! राजांनी दुसरं उचललं. खट्ट! हात थोडा हलला. नगारची खुदकन हसला. तिसरं. खट्ट! हात जागच्या जागी.

“हेही रिकामंच असणार,” म्हणत राजांनी पुढचं उचललं, उघड्या डोळ्यांनी मडक्याकडे पाहिलं आणि सावकाश चाप दाबला.

धडाड्!

धूर निवळला. दोरी लोंबत होती, मडकं नव्हतं! सगळ्यांत उंच उडी मारली ती राजांनीच.

“कोणती गं ही दारू?”

“कालची पयलीच, सरकार! ‘दणकते’ म्हनून फेकलेली. पर आवाज झाला न्हवं?”

“झाला की! पण काय गोड झाला!” राजे पोट धरून हसले. मग त्यांना खोडी सुचली. “बक्षीस घे! त्या पहिल्या पिस्तुलात तू घातलीस ना बिनधक्क्याची दारू? तिच्या वजनाची साखर तुला दिली!”

दरबार खिदळला. हौसानं भिंतीकडच्या ढिगावर एक नजर टाकली.

“साखर घेते, सरकार. पर मी घातलेली कशाला तोलता? सरकारांनी नापसंत केलेली तोला!”

राजांनी वळून पाहिलं. पोती, पोत्यांवर पोती! ते इतके हसले, की पगडी काढून मांडीवर घ्यावी लागली.

“तोला!” ते डोळे पुसत ओरडले. “आणि साखरेचं एक पोतं मेहुण्यांकडे पाठवा! म्हणावं, तंबू खुशाल आहे, तुम्ही तोंड गोड करून या!”

संध्याकाळी साखरेच्या गाड्या गावात शिरल्या. पुढच्या गाडीवर सुभानजी बसला होता. त्याने आधी मिशीला दोन्हीकडून पीळ दिला आणि मग चिमूटभर साखर तोंडात टाकली.