वाटी बुडण्याआधी

फार पूर्वी एका नदीकाठच्या गावात एक सुईण राहत असे. दोन्ही तीरांवरची बाळे तिच्याच हातांत जन्माला आली होती; पण नदीवर साधा लाकडी साकवही नव्हता, ये-जा नावेनेच होई. एका पावसाळ्यात पलीकडच्या वाडीतून हाकांवर हाका आल्या. पुरात नाव लोटायला कोणी धजेना. सुईण काठावर उभी राहिली, आणि पलीकडे अडलेली बाळंतीण दगावली.

त्या राज्यात एक रीत होती. दिवाळीनंतर राजा प्रत्येक गावाचे मागणे ऐकत असे. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर ठेवली जाई. ती भरून बुडेपर्यंतच बोलायचे. दरवर्षी गावाच्या वतीने पाटील जात. त्यांचा आवाज असा खणखणीत, की पलीकडच्या तीरावरची गुरे माना वर करीत. मात्र ते राजाच्या पराक्रमापासून आरंभ करून त्याच्या पणजोबांपर्यंत पोहोचत, आणि साकवाचे नाव ओठांवर येण्याआधीच वाटी बुडे.

"पाटील, यंदा मी जाते," सुईण पारावर म्हणाली.

पाटील हसले. "बाई, चार माणसांत तुझ्या तोंडून शब्द फुटत नाही. सांग बरे, काय बोलशील?"

सुईण उभी राहिली. तिचे ओठ कोरडे पडले. पदराचे टोक पिळीत ती तशीच खाली बसली. मग हलकेच म्हणाली, "शिकेन."

"शीक. दसऱ्याला इथेच बोलून दाखव, मग पाहू."

घरी येऊन तिने करवंटीला छिद्र पाडले आणि ती घंगाळात तरंगत ठेवली. पहिले भाषण शेळीने ऐकले आणि रवंथ चालू ठेवले. दुसरे ऐकायला नणंद बसली.

"कसे झाले, वन्सं?"

"माझे सूपभर तांदूळ पाखडून झाले, अन् तुझे अजून नमस्कारच चालले आहेत."

सुईणीने नमस्कार एकावर आणला. मग नणंद म्हणाली, "आता पाठीमागे वाघ लागल्यासारखी बोललीस." ती सावकाश बोलू लागली, तर नणंदेने बजावले, "शेवटचे शब्द गिळू नकोस. तेच तर मागायचे आहेत."

रोज करवंटी बुडे, रोज ती पुन्हा तरंगत ठेवली जाई. पुढे सुईण घाटावर धुणे धुणाऱ्या बायकांसमोर बोलू लागली. बायका कपडे आपटीतच राहत. एके सकाळी मात्र ती बोलत असताना सगळ्यांचे हात थांबले.

दसऱ्याला ती पारावर बोलली. पाटील उठून तिच्यासमोर आले. मग म्हणाले, "दरबारात मीही येतो, सुईणबाई. ऐकायला."

दरबारात वाटी पाण्यावर ठेवली गेली. एवढी माणसे पाहून सुईणीचे ओठ पुन्हा कोरडे पडले. पण सरावलेल्या जिभेला पहिले वाक्य शोधावे लागले नाही.

"महाराज, नमस्कार. मी सुईण आहे. या पावसाळ्यात नदीपलीकडे एक बाळंतीण अडली होती. मला बोलावणाऱ्या हाका स्पष्ट ऐकू येत होत्या. मध्ये केवळ पाणी होते. ती गेली. आम्हांला साकव हवा. लाकूड आपण द्यावे. श्रम आम्ही करू."

एवढे बोलून ती थांबली. राजाने वाटीकडे पाहिले. "बाई, वाटी अजून तरंगते आहे. तुझी वेळ उरली आहे."

"ती आपल्या उत्तरासाठी राखली आहे, महाराज."

वाटी बुडण्याआधी राजाने लाकडाची आज्ञा दिली. मागे उभ्या असलेल्या पाटलांची मान त्या दिवशी जशी ताठ झाली, तशी स्वतःच्या भाषणाने कधी झाली नव्हती.

पुढच्या पावसाळ्यात नदी दुथडी भरून वाहत असताना पलीकडून हाक आली. सुईण साकवावरून चालत गेली. सायंकाळी तिने निरोप पाठवला, आणि तो गावाला ऐकवण्याचा मान पाटलांनी घेतला. साकवावर उभे राहून ते एकच वाक्य बोलले, "मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत."

दोन्ही तीरांवरच्या गुरांनी माना वर केल्या.

तात्पर्य एवढेच, की मोठा आवाज उपजत मिळतो. नेमके बोलणे मात्र चुका ऐकून घेत, पुन्हा पुन्हा बोलूनच कमवावे लागते.