पार शेवटच्या वाफ्यापर्यंत

तळ्याकाठच्या एका गावात धुरपदा नावाची एक विधवा बाई राहायची. तिचे हात आपल्या कामात असायचे आणि कान दुसऱ्यांच्या बोलण्यात. एकदा तळ्यावर धुणं धुताना पलीकडच्या दगडावरच्या दोघींचं बोलणं तिनं टिपलं.

"यंदा म्हणे खडे नव्या रीतीनं मोजणार. आणि पाणी पार शेवटच्या वाफ्यापर्यंत..."

एवढ्यात एकीनं गोधडी आपटायला घेतली आणि पुढचं सगळं त्या धपाधपीत बुडालं.

"येणार, का नाही येणार गं?" धुरपदानं ओरडून विचारलं.

"कोण, काकू? पाहुणे?" दोघी हसत पिळे उचलून निघूनही गेल्या.

धुरपदाला मात्र हसू आलं नाही. पाटाचा शेवटचा वाफा तिचाच होता. त्यात मिरची होती आणि त्या मिरचीच्या भरवशावर तिनं लेकीला पहिल्या बाळंतपणाला माहेरी बोलावलं होतं.

त्या गावात दरसाल पाटकरी निवडत. तळ्याचं दार उघडायचं आणि मिटायचं काम त्याचं. वरचं शिवार, मधलं शिवार, खालचं शिवार, तिन्हींचा एकेक माणूस उभा राहायचा. गावकरी आपल्या माणसाच्या मडक्यात खडा टाकायचे. वरच्यांची घरं जास्त, मधल्यांची थोडी कमी, खालच्यांची सगळ्यांत कमी.

पहिल्यांदा रीत सोपी होती. ज्याच्या मडक्यात जास्त खडे, तो पाटकरी. वरचा निवडून आला. निम्म्याहून जास्त गावाला तो नको होता, पण ते खडे दोन मडक्यांत विभागलेले. त्यानं आपलं शिवार भिजवलं आणि दार मिटलं.

पुढच्या साली गाव म्हणालं, निम्म्याहून जास्त खडे पाहिजेत. तेवढे कुणालाच मिळाले नाहीत, म्हणून खालचा बाद झाला आणि उरलेल्या दोघांत पुन्हा खडे पडले. मधला खालच्या आळीत दारोदार हिंडला. "धुरपदाकाकू, तुमची मिरची ती माझी मिरची!" खालच्यांचे खडे त्याला गेले, तो निवडून आला आणि पाणी मधल्या शिवारातच मुरलं.

दोन्ही सालं धुरपदानं चावडीवर विचारलं होतं, "पाणी कुणाला कधी, ती पाळी आधी ठरवा ना! मग बसवा कुणालाही."

"काकू, आधी माणूस ठरू दे, मग पाणी," असं म्हणून तिला गप्प बसवलं होतं.

यंदाची नवी रीत अशी, की एक पाटकरी नकोच. ज्याचे जेवढे खडे, तेवढी त्याची माणसं पंचांत. दार हलवायचं तर निम्म्याहून जास्त हात वर झाले पाहिजेत. कुणाचाही खडा वाया नाही. खालच्यांकडून उभा राहिला धुरपदाचा सख्खा पुतण्या, हिरामण.

चावडीवर तिच्या ओठावर तोच प्रश्न आला. पण हिरामणनं तिच्याकडे बघून 'नको' अशी मान हलवली. आता आपला माणूस बसतोय, पाळी कशाला मागायची? तिनं प्रश्न गिळला.

खडे मोजले, पंच बसले. वरचे आणि मधले दोघंही अडले, कारण हिरामणचा हात ज्याच्या बाजूनं, त्याचंच चालायचं. हिरामणला दोन्हीकडून जेवणावळी सुरू झाल्या.

"अरे, मिरची माना टाकतेय," धुरपदा म्हणाली.

"काकू, घाईनं हात वर केला की त्याची किंमत जाते," तो म्हणाला. "बघ तरी, कशी दोघांना नाचवतो!"

त्याचा नाच संपेपर्यंत मिरची वाळून काड्या झाली.

मग एकदाचे हात वर झाले आणि दार उघडलं. वरचं शिवार भिजलं. वरचे म्हणाले, "मिटा." मधले म्हणाले, "आमचं राहिलंय." मधलं भिजल्यावर मधलेही म्हणाले, "मिटा." तेव्हा वरचे म्हणाले, "आमचं ऐकलंत का? आता आमचाही हात नाही." आणि हिरामण म्हणाला, "मी विचार करतोय."

दार उघडंच राहिलं. पाणी वाहत वाहत धुरपदाच्या वाफ्यात शिरलं, वाळक्या काड्या उपटून घेऊन ओढ्याला गेलं. त्यामागून उरलेलं तळंही गेलं.

धुरपदा उघड्या पडलेल्या धुण्याच्या दगडापाशी येऊन बसली. लेकीला निरोप धाडून झाला होता, "बाई, तू सासरीच राहा."

पलीकडच्या दगडावर ती गोधडीवाली नुसतीच उभी होती. खाली चिखल होता.

"त्या दिवशी पुढं काय म्हणाली होतीस गं?" धुरपदानं विचारलं.

"पाणी पार शेवटच्या वाफ्यापर्यंत वेळेवर येणार, असं," ती खालमानेनं म्हणाली.

"आलं गं," धुरपदा म्हणाली. "तेवढं मात्र खरं निघालं."

तात्पर्य: मतं मोजायची रीत कितीही बदला, निवडून येणाऱ्यानं काय करायचं हे आधी बांधून घेतलं नाही तर शेवटच्या वाफ्याला वेळेवर पाणी मिळत नाही. आणि आपला माणूस उभा आहे म्हणून जो प्रश्न आपण गिळतो, त्याची झळ आधी आपल्यालाच लागते.